दीर्घिकांची मळणी

खळ्यावरची मळणी तुमच्यापैकी अनेकांनी पाहिली असेल. कणसं तुडवून वाऱ्यावर धरली की भुसा उडतो, दाणे तेवढे खाली पडतात. २००१ साली केंजी बेक्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका शोधनिबंधात दीर्घिकांच्या बाबतीत चक्क हाच शब्द वापरला. मला तो फार आवडला.

त्याचं असं झालं. अश्मंत तारकासमूहाच्या दिशेला, सुमारे सहा कोटी प्रकाशवर्षांवर, एनजीसी १३९९ ही लंबवर्तुळाकार महादीर्घिका आहे. तिच्याभोवतीचे काही ठिपके आपल्याच आकाशगंगेतले तारे असावेत, असं वाटायचं. २०००च्या सुमारास त्यांचे वर्णपट घेतले, तर ते थेट त्या महादीर्घिकेच्या परिसरातले निघाले! त्यांना अतिसंहत बटु दीर्घिका म्हणू लागले.

पण या खरोखर दीर्घिका, की नुसते थोराड तारकागुच्छ? महादीर्घिकांभोवती गुच्छांना काय तोटा! आपल्या आकाशगंगेत गोलाकार गुच्छ दीडशेच्या वर, तर एम ८७ भोवती दहा हजारांहून अधिक.

कन्या राशीतल्या एम ६० जवळच्या एका बटु दीर्घिकेनं वादाला वळण दिलं. तिचा व्यास जेमतेम तीनशे प्रकाशवर्षं, वस्तुमान चौदा कोटी सूर्यांइतकं. २०१४ मध्ये अनिल सेठ यांच्या गटानं हवाईतल्या जेमिनी दुर्बिणीनं तिच्यातल्या ताऱ्यांचे वेग मोजले. केंद्राजवळ ते इतके जास्त होते, की आत २.१ कोटी सूर्यांच्या वस्तुमानाचं कृष्णविवर असलं पाहिजे. आपल्या आकाशगंगेचं कृष्णविवर सुमारे चाळीस लाखांचं! एवढं मोठं विवर मोठ्या दीर्घिकेच्या गाभ्यातच शोभतं. म्हणजे एम ६० च्या गुरुत्वाकर्षणानं बाहेरचे तारे ओरबाडून नेले, गाभा राहिला.

म्हणून सगळ्यांना एकच माप लावू नये. काही बहुधा नुसते गुच्छच आहेत.

असा एक दाणा आपल्या अंगणातही असावा. नरतुरंगातला ओमेगा सेंटॉरी हा गुच्छ एखाद्या गिळलेल्या दीर्घिकेचा गाभा असावा, असं बरेच संशोधक मानतात. २०२४ मध्ये त्याच्या केंद्रात किमान ८,२०० सूर्यांच्या वस्तुमानाच्या कृष्णविवराचा पुरावा मिळाला. मे महिन्यात रात्री दहाच्या सुमारास, शहराच्या दिव्यांपासून दूर, दक्षिण क्षितिजावर वीस-पंचवीस अंशांवर तो अंधुक ठिपक्यासारखा दिसतो. द्विनेत्री असेल तर जरूर बरोबर न्या.