धरण शंभर टक्के भरू नये

(गोदाघाटावरील उन्हाळी व्याख्यानमालेतील भाषण)



पत्रिकेत विषय छापून आला आणि मला फोन सुरू झाले. ‘या व्यासपीठावर गेमिंग लॅपटॉप?’ मी म्हटलं, ज्यांच्या घरात तो हप्त्यावर आलाय आणि रात्री दोनला नातू ‘अटकतंय, अटकतंय’ म्हणून ओरडतो, त्यांना विषय हलका वाटणार नाही. (हशा) दुसऱ्या रांगेतल्या काकांनी मान डोलावली, बास.

फ्रेम, हर्ट्झ, ग्राफिक्स कार्ड म्हणजे काय ते सांगत बसत नाही. मागे बसलेल्या मुलांना ते येतं, पुढे बसलेल्यांना ती मुलं घरी सांगतील.

सिडकोत आमच्या शेजारचा मुलगा गेम खेळतो, ओबीएस नावाच्या प्रोग्रॅमवर रेकॉर्ड करतो आणि यूट्यूबवर टाकतो. खेळताना सगळं झकास, सेकंदाला सव्वाशे फ्रेम. नंतर व्हिडिओ पाहावा तर गाडी थोडी पुढे जाते, थबकते आणि एकदम चौकापलीकडे उगवते. पठ्ठ्यानं ड्रायव्हर बदलले, वडिलांना गळ घालून रॅम वाढवली. फरक शून्य. मी म्हटलं, ओबीएसमध्ये ‘स्टॅट्स’ची खिडकी आहे, ती उघडी ठेव आणि खेळ.

तिथे दोन आकडे असतात. एक, रेंडरिंगला उशीर झाल्यामुळे हुकलेल्या फ्रेम. दुसरा, एन्कोडिंगला उशीर झाल्यामुळे गाळलेल्या फ्रेम. ही दोन दुखणी आहेत आणि औषधंही दोन. दुसरा आकडा पळत असेल तर एन्कोडर पाहा. एक्स२६४ हा एन्कोडर प्रोसेसरला राबवतो. ते काम एनव्हेंककडे द्या, एनव्हिडियाच्या गेमिंग कार्डांत २०१२ पासून त्यासाठी वेगळं सर्किट असतं. या मुलाचा मात्र पहिला आकडा पळत होता. ग्राफिक्स कार्ड नव्याण्णव टक्के गेमनं बळकावलेलं. ओबीएसला प्रत्येक फ्रेम जुळवायला त्याच कार्डावर जागा लागते, एनव्हेंक असलं तरीही. ती मिळाली नाही की फ्रेम गेली.

आता माझा हट्टाचा मुद्दा. गंगापूर धरण ऑगस्टमध्येच काठोकाठ भरून ठेवतात का? नाही. पाऊस पडत असतानाच विसर्ग सुरू करतात, कारण वरून येणाऱ्या लोंढ्याला जागा हवी. मग आपण होळकर पुलावर छत्री घेऊन उभे, दुतोंड्या मारुतीच्या कुठवर पाणी आलं ते बघायला. कमरेला आलं की फोटो, छातीला आलं की सराफ बाजारातली दुकानं रिकामी करायची घाई. २००८ चा पूर ज्यांनी पाहिला त्यांनी हात वर करा. अरे, निम्मं पटांगण! (‘एकोणसत्तरचाही पाहिलाय!’ — श्रोत्यांतून आवाज) आजोबा, तुम्हीच या इथे बोलायला. (हशा) आणि कृपा करून कुणी जायकवाडीला सोडायच्या पाण्याचं नाव काढू नका, मग आज लॅपटॉप राहूनच जाईल. (मोठा हशा)

तर कार्डावरही तशीच जागा ठेवा. गेमच्या सेटिंगमध्ये फ्रेमची मर्यादा साठवर बांधा. यूट्यूब साठापेक्षा जास्त दाखवतच नाही, मग वरच्या फ्रेम कुणासाठी? मुलगा भडकला, ‘काका, स्क्रीन एकशे चव्वेचाळीस हर्ट्झची आहे, पैसे कशाला दिले?’ त्याचं एक खरं आहे. स्पर्धेत खेळताना जास्त फ्रेमनी हात आणि पडदा यांतलं अंतर कमी होतं. तेव्हा रेकॉर्डिंग बंद ठेव आणि मर्यादा काढ. रेकॉर्ड करताना साठ. कुरकुरत केलं. कार्ड सत्तर टक्क्यांच्या आसपास आलं आणि हुकलेल्या फ्रेमचा आकडा जागेवर थांबला.

उष्णतेचंही तेच. बऱ्याच गेमिंग लॅपटॉपमध्ये प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड यांच्या उष्णतानळ्या सामाईक असतात. एक तापला की दुसराही तापतो आणि जीव वाचवायला दोघं वेग कमी करतात. त्यात आपला मे महिना, वर लॅपटॉपखाली गादी. मर्यादा बांधली की ही भट्टीही...

चिठ्ठी आली. ‘पाच मिनिटे.’ पुराला वेळ दिलात, साहेब, तो माझ्या खात्यातून कापताय!

भराभर सांगतो. चार्जर लावल्याशिवाय रेकॉर्डिंग नको, बॅटरीवर ग्राफिक्स कार्डाला पूर्ण वीज मिळत नाही. ओबीएस ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवा, विंडोज त्याला कार्डावर अग्रक्रम देते. रेकॉर्डिंगमध्ये नुसता काळा पडदा येत असेल तर बहुधा लॅपटॉपमध्ये दोन ग्राफिक्स चिप आहेत आणि ओबीएस चुकीच्या चिपवर चाललंय. गेम कॅप्चर असेल तर मोठ्या कार्डावर, अख्खा पडदा टिपायचा असेल तर बहुधा प्रोसेसरमधल्या चिपवर. फाइल एमपी४ नको, एमकेव्ही ठेवा. मशीन मधेच बंद पडलं तर साधी एमपी४ अख्खी हातची जाते, एमकेव्ही तोवरची शाबूत राहते. यूट्यूबसाठी नंतर ओबीएसमध्येच एमपी४ करून घ्या.

दुसरी चिठ्ठी. ‘नवीन लॅपटॉप कोणता घ्यावा?’ हे दुसऱ्या रांगेतल्या काकांचं अक्षर दिसतंय. काका, आधी नातवाकडून स्टॅट्सचे दोन्ही आकडे लिहून आणा, दुकानात नंतर जाऊ.