नव शापेलची पस्तीस मिनिटे

श्रोतेहो, पहिल्या महायुद्धातील खंदक म्हटले की चिखल, काटेरी तारा आणि वर्षानुवर्षे जागची न हलणारी आघाडी डोळ्यांपुढे येते. खंदकांची फळी फोडणे अशक्यच होते, असा आपला समज होतो. तो पुरता खरा नाही. उत्तर फ्रान्समधल्या नव शापेल या लहानशा गावापुढची जर्मन फळी १० मार्च १९१५ रोजी सकाळी फुटली होती. ती फोडणाऱ्या दोन कोअरपैकी एक इंडियन कोअर होती. (आपल्या मराठा पलटणी त्या वर्षी मेसोपोटेमियात लढत होत्या, ती कथा वेगळी.)

तो मुलूख पाणथळ. थोडे खणले की पाणी लागायचे. म्हणून जर्मनांनी खंदक उथळ ठेवून पुढे वाळूच्या पोत्यांचा बांध घातला होता. बांधापुढे तारा, मागे मशिनगन. जनरल हेग यांच्या सैन्याने विमानातून फोटो काढून या फळीचे नकाशे तयार केले आणि तोफखान्याला लक्ष्य व वेळ नेमून दिली. सकाळी साडेसातला तीनशेहून अधिक तोफा धडाडू लागल्या. पस्तीस मिनिटांनी मारा पुढे सरकला आणि आठ वाजून पाच मिनिटांनी पायदळ निघाले.

जिथे तारा तुटल्या होत्या, तिथे काम झपाट्याने झाले. गुरखे आणि गढवाली खंदकात उतरले. ३९ व्या गढवाल रायफल्सच्या दुसऱ्या बटालियनचे गबरसिंग नेगी संगीन रोखून खंदकाच्या प्रत्येक वळणावर सर्वांत आधी शिरत होते. शत्रूला मागे रेटत त्यांनी शरण यायला लावले आणि तिथेच ते पडले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. नऊच्या सुमारास गाव हाती आले होते.

पण त्याच रेजिमेंटची पहिली बटालियन दिशा चुकून उजवीकडे वळली. तिथल्या खंदकावर गोळे पडलेच नव्हते. तारा शाबूत, मशिनगन शाबूत. तरीही गढवाली आत शिरले, पण केवढी किंमत मोजून! उत्तर टोकाला ब्रिटिश पलटणींचेही तेच झाले. तिथल्या जड तोफा आदल्या दिवशी उशिरा पोहोचल्या होत्या आणि त्यांना नेम बसवायला वेळच मिळाला नव्हता. म्हणून हल्ला थांबवला मात्र गेला नाही.

माझ्या मते खरा घोटाळा झाला तो यानंतर. पुढे मोकळे रान होते. मागच्या राखीव पलटणी निघाल्या असत्या, तर कदाचित पुढचे ऑबर्सचे टेकाड गाठता आले असते. पण टेलिफोनच्या तारा तोफगोळ्यांनी तुटल्या होत्या. निरोप घेऊन धावणारा जवान पोहोचला तर पोहोचला. मग बटालियन, ब्रिगेड, डिव्हिजन, कोअर अशा पायऱ्या चढत बातमी वर जायची आणि हुकूम त्याच पायऱ्यांनी खाली यायचा. मी इथे बोलतो ते तुमच्या स्वयंपाकघरात तत्काळ ऐकू येते. त्या दिवशी काही मैलांसाठी तास लागत होते. कोअर कमांडर रॉलिन्सन यांनी आपली फळी सारखी होईपर्यंत वाट पाहिली. पुन्हा आगेकूच सुरू झाली तेव्हा संध्याकाळचे साडेपाच वाजले होते. तोवर जर्मनांनी मागची ठाणी भक्कम केली, रात्रीत कुमक आणली. दुसऱ्या दिवशी धुके होते आणि तोफखान्याला नवी फळी दिसतच नव्हती. तीन दिवसांनी लढाई थांबली तेव्हा ब्रिटिश बाजूची हानी अकरा हजारांवर गेली होती. त्यात चार हजारांहून अधिक इंडियन कोअरचे. मिळालेली जमीन साधारण एक किलोमीटर खोल.

अपयशाचे खापर फुटले ते तोफगोळ्यांच्या तुटवड्यावर. तुटवडा होताच, पण ते अर्धेच उत्तर होते. मे महिन्यात हे प्रकरण वर्तमानपत्रांत गाजले, मंत्रिमंडळ बदलले, लॉइड जॉर्ज यांच्याकडे दारूगोळ्याचे नवे खाते आले. कारखाने अहोरात्र चालू लागले. पुढच्या वर्षी सोमच्या आघाडीवर पस्तीस मिनिटांऐवजी सात दिवस मारा झाला. सुमारे पंधरा लाख गोळे उडाले. जर्मन खोल भुयारांत बसून राहिले आणि मारा थांबताच मशिनगन घेऊन वर आले. १ जुलै १९१६ या एका दिवसात ब्रिटिशांचे १९,२४० सैनिक मेले. तिथल्या मुख्य हल्ल्याचे नेतृत्व रॉलिन्सन यांच्याकडेच होते.