कागद खरे, हिशेब खोटा



आम्ही डॉक्टर नव्हे. आमचे शिक्षण जिनिंग-प्रेसिंगच्या फाटकावर आणि सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर झाले. तरीही आज औषधाच्या गुणाविषयी बोलण्यास उभे राहिलो, कारण हा प्रश्न एका कामगाराच्या विधवेने आमच्यापुढे टाकला आहे.

फेब्रुवारी २०२१ मध्ये कोरोनाची दुसरी लाट आपल्या अमरावती-अकोल्याकडे कशी उसळली, हे आपणांस सांगावयास नको. एप्रिलात रेमडेसिव्हिरच्या सुईसाठी माणसे दुकानांपुढे रांगा लावून उभी होती. कोणी दागिने मोडले, कोणी वावर गहाण टाकले. त्या बाईंचा नवरा सुई हाती येण्यापूर्वीच गेला. त्या आम्हांस म्हणाल्या, “भाऊ, सुई भेटली असती तं माहा मानूस वाचला असता काय?”

उत्तर सोपे वाटते. दवाखान्यांत केसपेपरांचे गठ्ठे आहेत. सुई मिळालेल्यांचा एक ढीग करावा, न मिळालेल्यांचा दुसरा, आणि कोणत्या ढिगात किती वाचले ते मोजावे. प्रथम आम्हीही असेच समजलो होतो.

पण क्षणभर असे धरा की सुईत निव्वळ पाणी आहे. दहा रोगी दाखल झाले. तिघे पहिल्याच रात्री, सुई येण्याआधी, दगावले. उरलेल्या सातांना दुसऱ्या दिवशी सुई मिळाली. त्यांतला एक पुढे गेला. आता ढीग मोजा. सुईवाल्यांत सातांपैकी एक मृत्यू, बिनसुईवाल्यांत तिघांपैकी तीन! पाण्याचे अमृत झाले. कागद एकही खोटा नाही. खोटा आहे तो हिशेब. सुई मिळेपर्यंत जगणे हीच ज्या ढिगात शिरण्याची अट, त्यातील माणसे अधिक जगली यात नवल कसले?

ही चलाखी आम्हांस ओळखीची आहे. कापसाच्या धुळीने खोकला जडतो असे म्हटले की मालक वीस वर्षांचा जुना कामगार पुढे उभा करतो: “पाहा, याला काय झाले?” ज्यांना खोकला जडला ते केव्हाच काम सोडून घरी बसले, हे मस्टरवर कोण दाखवणार?

याच्या उलट चूकही होते. डॉक्टर अत्यवस्थ रोग्यास आधी सुई देतात. मग सुईवाल्यांत मृत्यू अधिक दिसतात, आणि औषधच मारक ठरते. तिसऱ्या ठिकाणी ज्याच्या खिशात पैसा, त्यालाच सुई. पण त्याला खाटही आधी मिळालेली असते.

मग जुने कागद जाळावयाचे काय? मुळीच नाही. मिगेल हर्नान आणि जेम्स रॉबिन्स या संशोधकांनी २०१६ साली एक मार्ग नीट मांडला. चिठ्ठी टाकून रोग्यांचे दोन गट पाडणे हा खरा प्रयोग. तो करता आला नाही, तर तो केला असता तर कसा केला असता, हे कागद उघडण्यापूर्वी लिहून काढावे. कोणते रोगी घ्यावयाचे? समजा, ज्यांना प्राणवायू लागला आणि सुई देता येण्यासारखी होती असेच. मोजणी कोणत्या घटकेपासून? दोन्ही गटांची एकाच घटकेपासून. उदाहरणार्थ, दाखल झाल्यावर दुसरा दिवस संपताना जे जिवंत आहेत त्यांच्यापासून. त्या घटकेपर्यंत ज्याच्या हाती जे पडले, त्यावरून त्याचा गट ठरवावा. पुढे काय घडले ते पाहून नव्हे. मग वय, मधुमेह, प्राणवायूची पातळी, दवाखाना हे सारखे असतील अशांचीच तुलना करावी. शेवट अठ्ठाविसाव्या दिवशी, आणि घरी नेलेल्यांचीही विचारपूस झाली पाहिजे. एवढे करूनही जे कागदावर कधी चढलेच नाही, त्याची भरपाई कोणतेही गणित करू शकत नाही.

रेमडेसिव्हिरच्या बाबतीत खरा प्रयोगही झाला होता. जागतिक आरोग्य संघटनेच्या ‘सॉलिडॅरिटी’ चाचणीत ३० देशांतील ४०५ रुग्णालये होती, भारतही होता. ऑक्टोबर २०२० मध्येच आकडे बाहेर आले: सुई दिलेल्या २,७४३ पैकी ३०१ दगावले, न दिलेल्या २,७०८ पैकी ३०३. पुढे २०२२ च्या अंतिम निष्कर्षात, प्राणवायूवर असलेल्या पण यंत्रावर नसलेल्या रोग्यांत शंभरामागे १६.३ ऐवजी १४.६ मृत्यू, एवढा थोडा फायदा दिसला. यंत्रावरच्यांस फायदा दिसला नाही. म्हणजे सुई अगदीच निरुपयोगी नव्हती. पण जिच्यासाठी वावर गहाण टाकावे अशी संजीवनीही नव्हती.

त्या भगिनीस आम्ही एवढेच सांगितले, “बाई, एका माणसाचे काय झाले असते हे कोणीच सांगू शकत नाही. पण सुई आणता आली नाही म्हणून तो गेला, असे ओझे उरावर वागवू नका. हिशेब तसे म्हणत नाही.” त्या बराच वेळ बोलल्या नाहीत. मग पदराने डोळे पुसून म्हणाल्या, “हे कोनी आधी काहून नाही सांगतलं?”

या प्रश्नाला आमच्यापाशी उत्तर नाही, मागणी आहे. पगाराच्या चिठ्ठीवर दिवस आणि तास मागावयास आम्ही कामगारांस शिकविले. तसेच दवाखान्याच्या प्रत्येक कागदावर रोगी केव्हा आला, औषध कोणत्या घटकेस दिले आणि शेवटी काय झाले हे लिहिलेले असावे, आणि त्याची प्रत रोग्याच्या हाती पडावी. नाव झाकून हे कागद अभ्यासकांस मिळावेत. आणि त्यांनी प्रश्न आधी लिहावा, कागद मागून उघडावेत. पुढची साथ येईल तेव्हा वऱ्हाडातील माणसाने वावर गहाण टाकण्यापूर्वी त्याला खरा हिशेब कळावा, एवढ्यासाठी हा खटाटोप.