दुबळं सरकार कुणाच्या मुळावर?
(खडकी येथे गिरणी कामगारांपुढे केलेलं भाषण)



माझं शिक्षण चौथीपर्यंत. मी साच्यावर उभा राहणारा माणूस. साच्यानं मला एक गोष्ट शिकवली. ताणा सैल पडला की कापडात खोट येते, आणि दंड भरतो साचेवाला. सरकार सैल पडलं की तसंच होतं.

आपण बसलो आहोत ती ही खडकी. ५ नोव्हेंबर १८१७ रोजी इथं पेशव्यांची फौज इंग्रजांशी भिडली. फौज इंग्रजांच्या कितीतरी पट. बापू गोखले लढले. बाजीराव पर्वतीवरून बघत राहिला. बारा दिवसांत शनिवारवाड्यावर इंग्रजांचं निशाण चढलं! पण राज्य आधीच पोखरलं होतं. वसुलीचे मक्ते लिलावात निघत. चढी बोली त्याला मुलूख. मग तो रयतेला पिळून काढी. अशा राज्यासाठी रयत छाती पुढं का करील?

तो काळ गेला म्हणता? मग मुंबईकडे बघा. १८ जानेवारी १९८२ ला अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. संप मोडला, गिरण्या बंद पडत गेल्या, उरली सुमारे ६०० एकर जमीन. १९९१ साली सरकारनं नियम केला : एक हिस्सा शहराच्या मोकळ्या जागांना, एक सार्वजनिक घरांना, एक मालकाला. २००१ साली सरकारनंच तो सैल केला : वाटणी फक्त बांधकाम नसलेल्या जागेची. अहो, गिरणीच्या आवारात मोकळी जागा असते किती? २००६ साली सुप्रीम कोर्टातही तो बदल टिकला. टॉवर उठले. घरासाठी कामगारांचे आणि वारसांचे दीड लाखांहून अधिक अर्ज आले; घरं मिळाली थोड्यांना.

संपावर लाठी चालवताना सरकारचा हात लटपटत नाही. मालकाकडून जमीन घेताना लटपटतो. दुबळं सरकार म्हणतात ते हेच! आणि जमीन विकून पैसा होत असेल, तर नवे साचे कोण घालील? देश मागं पडतो तो असा.

बंधूंनो, १ मे १९६० चा महाराष्ट्र शंभरावर हुतात्म्यांच्या रक्तानं आला. दिल्ली आपणहून वाकली नाही, आपण वाकवली. नियम कागदावर आला म्हणून घरी जाऊन झोपू नका. घराची किल्ली हातात पडेपर्यंत युनियननं पाठ सोडायची नाही. ताणा आपणच ओढून धरला पाहिजे!

कामगार एकजुटीचा विजय असो! जय महाराष्ट्र!