सांगणाऱ्याला काय म्हणायचं?

नंदनवनातून बोलतोय. मागे ऑटोचे हॉर्न ऐकू आले तर सांभाळून घ्या, खिडकी लावली की या खोलीत बसवत नाही.

आज शब्दांबद्दल बोलायचंय, पण सुरुवात ऑफिसपासून. तीन आठवड्यांपूर्वी माझ्या लक्षात आलं की आमच्या टीममध्ये टेस्टिंगसाठी ग्राहकांचे खरे मोबाइल नंबर अन् पत्ते वापरून राहिले. साधी एक्सेल शीट, पासवर्ड वगैरे काही नाही, ग्रुपवर फिरत होती. लीडला सांगितलं. तो म्हणाला, "रिलीज होऊ दे, मग पाहू." पुन्हा सांगितलं, पुन्हा तेच. मग मी त्याच्या वरच्या साहेबांना मेल टाकला. शीट त्याच दिवशी डिलीट झाली.

दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर पोचलो तर एक जण म्हणाला, "हळू बोला बे, खबरी आला." सगळे हसले. मीही हसलो. रात्री झोप नाही लागली.

पडल्यापडल्या शब्द आठवत बसलो. शाळेत चहाडखोर, चुगलखोर. आजीच्या तोंडी कान भरणारा, अन् त्यातून भांडण लागलं तर कळलाव्या. घरात घरभेदी, पोलिसांकडे खबऱ्या, इतिहासात फितूर. यातला एकही शब्द आईनं पोराला कौतुकानं म्हणावा असा नाही. एक हेर आहे. शिवाजी महाराजांचे बहिर्जी नाईक आपले हिरो आहेत. पण हेर दुसऱ्याच्या गोटातलं सांगतो. आपल्याच गोटातलं चुकतंय ते सांगणाऱ्याचं काय?

फितूर शब्दाची तर मजाच आहे. हिंदीत त्याचा अर्थ डोक्यात शिरलेलं वेड, म्हणून 2016 मध्ये त्या नावाचा प्रेमाचा सिनेमा आला. मराठीत मात्र सरळ गद्दारी. पुण्यात 22 जून 1897 ला चापेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली. सरकारनं माहिती देणाऱ्याला 20 हजारांचं बक्षीस लावलं, अन् द्रविड बंधूंनी माहिती दिली. फेब्रुवारी 1899 मध्ये वासुदेव चापेकर आणि महादेव रानडे यांनी त्या दोघांना गोळ्या घातल्या. आजही द्रविड म्हणजे फितूर, ब्रिटिशांच्या दप्तरी मात्र ते उपयोगी माणसं. आता आजचा पेपर उघडा. "साक्षीदार फितूर" म्हणजे कोण? जो आधी पोलिसांना सांगतो अन् कोर्टात फिरतो. म्हणजे तिथं फितूर आहे न सांगणारा!

बातमीदाराचंही तसंच. पेपरात काम करणारा बातमीदार, अन् पोलिसांच्या कागदात "गुप्त बातमीदाराकडून खबर मिळाली" तोही बातमीदार. एकाला प्रेस कार्ड मिळतं, दुसऱ्याचं नावसुद्धा कागदावर येत नाही.

आपल्या विदर्भात या शब्दांवर हसताना जरा थांबावं लागतं. गडचिरोलीत नक्षलवाद्यांनी "पोलिसांचा खबऱ्या" म्हणून गावकऱ्यांना मारल्याच्या बातम्या वाचत आपण मोठे झालो. तो खरंच खबऱ्या होता की नाही, हे कोण तपासतं? शब्द चिकटला की झालं.

अलीकडे पेपरवाले व्हिसलब्लोअरला "जागल्या" म्हणतात. मला हा शब्द लय आवडला. गाव झोपलं की जागा राहून राखण करणारा तो जागल्या. हे काम बहुतेक महार, रामोशी यांच्याकडे असायचं, अन् रात्रभर जागणाऱ्याला गावानं दिवसा किती मान दिला ते नागपूरकरांना सांगायला नको. तो हिशेब आजही फार बदलला नाही. तळेगाव दाभाड्याच्या सतीश शेट्टींनी माहिती अधिकार वापरून जमिनीचे घोटाळे बाहेर काढले. 13 जानेवारी 2010 ला सकाळी फिरायला निघाले असताना त्यांचा खून झाला. आपल्यासारखाच इंजिनिअर, आयआयटी कानपूरचा सत्येंद्र दुबे. त्यानं हायवेच्या कामातला भ्रष्टाचार पंतप्रधान कार्यालयाला कळवला, नाव गुप्त ठेवा म्हणाला. पत्र नावासकट फिरलं. नोव्हेंबर 2003 मध्ये गयेत त्याला गोळी घातली.

2014 मध्ये अशा लोकांसाठी कायदा संसदेत मंजूर झाला, पण वर्षं उलटली तरी लागू नाही झाला. अन् झाला असता तरी तो सरकारी कारभाराबद्दल आहे, आमच्या कंपनीच्या एक्सेल शीटबद्दल नाही.

माझ्यावर कोणी गोळी नाही झाडली, हे मला कळतं. फक्त लंचला बोलावणं बंद झालं.

हे रेकॉर्ड करायच्या आधी टीममधल्या एका ज्युनिअर मुलीचा मेसेज आला. अजून एक शीट फिरून राहिली, स्क्रीनशॉट पाठवला तिनं. खाली लिहिलं होतं, "दादा, तुम्ही सांगता का मी सांगू?"

बराच वेळ टाइप करून खोडलं. शेवटी लिहिलं, "उद्या दहाला सोबत जाऊ."