जुन्या पिकअपला नवं इंजिन

दादरच्या फुलबाजारात पहाटे माल उतरवणाऱ्या जुन्या पिकअपची चेसिस पुष्कळदा शाबूत असते, दमतं ते इंजिन. मग भंगारात निघालेल्या मोटारीचं नव्या धाटणीचं डिझेल इंजिन तिला बसवण्याचा मोह होतो. पण ते इंजिन एकटं येत नाही. हजार बारहून अधिक दाबानं इंधन फवारणारी कॉमन रेल, तिला हुकूम देणारा संगणक, सेन्सर आणि काजळी अडवणारा फिल्टर, असा सगळा संसार सोबत हलवावा लागतो. नवं इंजिन म्हणजे धूर कमी, हा युक्तिवाद मला अर्धाच पटतो. फिल्टरमधली काजळी जळायला ६०० अंशांच्या आसपास उष्णता लागते. लालबाग-परळच्या मुंगीच्या चालीत ती सहसा मिळत नाही. फिल्टर तुंबतो, काढून टाकला जातो, आणि धूर पुन्हा आपल्याच छातीत.

टॅक्सींनी नाही का बदल केला, असं कुणी विचारेल. पेट्रोलवरच्या पद्मिनी टॅक्सी सीएनजीवर गेल्या तेव्हा इंजिन तेच राहिलं, बदललं ते इंधन. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये त्याला वाट आहे. सर्वोच्च न्यायालयानं २०१९ मध्ये याच कलमाचा कडक अर्थ लावला: उत्पादकाच्या मूळ रचनेबाहेरचा बदल चालणार नाही. त्याच बनावटीचं इंजिन मात्र परवानगीनं बदलता येतं. म्हणूनच बोअर करून, नवे पिस्टन-रिंग घालून जुनंच इंजिन बांधून घेणं मला अधिक शहाणपणाचं वाटतं.