कर्जत ते काठमांडू, माणशी नऊ हजारांत

(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला दहा मिनिटं दिली आहेत आणि विषय दिलाय 'आमची नेपाळ सहल'. फोटो तुम्ही सगळ्यांनी व्हॉट्सॲपवर पाहिलेत, तेव्हा हिमशिखरं किती सुंदर दिसत होती ते सांगत बसत नाही. पुढच्या सहलीचा निर्णय आज जेवणानंतर व्हायचाय. त्याआधी ही सहल कशी ठरली ते बोलतो.

आपला त्याआधीचा मेळावा एका रिसॉर्टवर झाला होता. आपल्या तालुक्यात आता भातखाचरांपेक्षा रिसॉर्टच जास्त दिसतात, त्यामुळे जागा शोधायला त्रास पडला नाही. पण वर्गातले निम्मेही आले नाहीत. कोणाची नात आजारी होती, कोणाचे गुडघे दुखत होते. गुडघे फारच जणांचे दुखत होते! म्हणून नेपाळचं ठरवताना एक युक्ती केली. इच्छुक अकरा जणांनी एकेका चिठ्ठीवर आकडा लिहायचा, नाव नाही. घरात कोणाला न विचारता मी एवढे खर्च करू शकतो, असा आकडा. सगळ्यात लहान आकडा निघाला ९,००० रुपये. तोच खर्च ठरला. चिठ्ठी कोणाची, हे कोणी विचारलं नाही, आजही मला माहीत नाही.

तुम्हाला कल्पना आहे की खोपोलीच्या पट्ट्यातल्या कंपन्यांत आपले किती जण लागले आणि त्यातल्या किती कंपन्या त्यांच्या चाळिशीतच बंद पडल्या. भविष्यनिर्वाह निधीच्या पेन्शनची किमान रक्कम २०१४ पासून महिना १,००० रुपये आहे. ज्याच्या हातात तेवढंच येतं, त्याच्यासमोर 'माणशी पंचेचाळीस हजार फक्त' असा मेसेज टाकला की तो अंगठा दाखवतो आणि गप्प बसतो.

नऊ हजारांत परदेश म्हणजे रेल्वे आणि नेपाळ, दुसरं काही बसत नाही. १९५०च्या करारामुळे आपल्याला तिथे व्हिसा लागत नाही, मतदार ओळखपत्र पुरतं. रेल्वेची ज्येष्ठांची सवलत मार्च २०२० मध्ये बंद झाली, हे आपलं नशीब. पुरुषांना साठीनंतर ४० टक्के मिळायची, म्हणजे आपण पोचलो आणि खिडकी बंद. पण खालच्या बर्थचा कोटा शिल्लक आहे. तो एका तिकिटावर एक किंवा दोघेच असतील तरच लागू होतो, म्हणून तिकिटं दोन-दोनची काढली. त्या निमित्ताने वर्गातल्या मुलींची, म्हणजे साठीच्या मुलींची, सासरची नावं पहिल्यांदा सगळ्यांना कळली. आमच्या डोक्यात अजून हजेरीपटातलीच होती.

फेब्रुवारी २०२४ मध्ये निघालो. खोपोलीची मंडळी कर्जतला आली, तिथून लोकलने कल्याण, आणि कल्याणहून रात्री कुशीनगर एक्स्प्रेस. कर्जतहून घेतलेले वडे कसाऱ्यापर्यंतही पुरले नाहीत. ती रात्र, मधला पूर्ण दिवस आणि दुसरी रात्र गाडीत. स्लीपरचं भाडं सातशेच्या आसपास. दिवसभर दशम्या, लसणाची चटणी आणि पत्ते. खांडवा, भोपाळ, झाशी ही गावं नकाशात कुठे आहेत ते सर, आम्हाला पाठ होतं. ती एकामागून एक खिडकीत येत होती.

गोरखपूरहून बसने सुनौली, आणि तिथे सीमा चालत ओलांडली. कमानीखालून गेलो की घड्याळ पंधरा मिनिटं पुढे. का, ते भूगोलाच्या सरांच्या विद्यार्थ्याने जागच्या जागी सोडवून दाखवलं: आपली वेळ ८२ अंश ३० मिनिटं रेखावृत्ताची, नेपाळची ८६ अंश १५ मिनिटांची. फरक पावणेचार अंश, अंशाला चार मिनिटं. सर, पैकीच्या पैकी द्या.

शंभराला नेपाळी १६० रुपये मिळतात. त्या वेळी शंभरपेक्षा मोठी भारतीय नोट तिथे चालत नव्हती, म्हणून कंबरेला शंभराच्या जाड गड्ड्या. (आम्ही परत आलो आणि मार्चमध्ये तिथल्या दुकानांत आपलं यूपीआय सुरू झालं!) पाट्या देवनागरीत, त्यामुळे परक्या देशात आलोय असं वाटतच नाही. 'पसल' म्हणजे दुकान आणि 'चिया' म्हणजे चहा, एवढं कळलं की निभावतं. सुनौली ते काठमांडू रस्ता मात्र पाठीचा खुळखुळा करतो. रुंदीकरणाची धूळ, नंतर त्रिशूली नदीकाठची वळणं. पूर्ण दिवस गेला. कंबरदुखी असणाऱ्यांनी मध्ये मुक्काम धरावा.

काठमांडूत धर्मशाळेत राहिलो. पशुपतिनाथ झालं, बौद्धनाथ झालं. स्वयंभूच्या ३६५ पायऱ्या, रिसॉर्टच्या वेळी गुडघ्यांमुळे न आलेले तिघेही चढले. त्यांच्याकडे बघून कोणी काही बोललं नाही, पण वर पोचल्यावर सगळेच बराच वेळ हसत होतो.

भक्तपूरबद्दल मात्र थोडं थांबून सांगायला हवं. तिथलं पाच मजली न्यातपोल मंदिर १७०२ सालचं. १९३४ आणि २०१५ चे दोन्ही भूकंप त्याने सोसले. आजूबाजूच्या गल्ल्यांत मात्र नऊ वर्षांनंतरही काही घरांना लाकडी टेकू दिसत होते. एका दुकानात मातीच्या वाडग्यातलं दही, जुजु धौ, खाताना दुकानदार बाई म्हणाल्या, तो दिवस शनिवार होता म्हणून मुलं वाचली. नेपाळमध्ये शनिवारी सुट्टी असते. २५ एप्रिल २०१५, दुपारचे बारा वाजत आले होते. हजारो वर्गखोल्या पडल्या, पण त्या रिकाम्या होत्या. तरीही देशभरात सुमारे नऊ हजार माणसं गेली. आमच्यात दोन शिक्षिका होत्या. त्या दही तसंच ठेवून बसून राहिल्या. इर्शाळवाडीला तेव्हा सातच महिने झाले होते, आपल्याच खालापूर तालुक्यात. तिथे रात्र होती आणि बहुतेक जण घरात होते. त्या बाईंना आम्ही मोडक्या हिंदीत एवढंच सांगितलं की आमच्याकडेही डोंगर आला. त्यांनी दह्याचे पैसे घेतले नाहीत. आम्ही ते वाडग्याखाली ठेवून आलो.

कर्जत ते कर्जत खर्च माणशी ८,७४०. उरलेले २६० परत दिले.

आता बँकॉकबद्दल. विमानाने चार दिवस, आणि ज्यांना जमत नाही त्यांचे इतर जण भरतील, असा प्रस्ताव आहे. भरणाऱ्यांचं मन मोठं आहे, त्यात शंका नाही. पण दुसऱ्याने भरलेल्या तिकिटावर साठीला कोणी येत नाही. तो पुन्हा गुडघे दुखतात म्हणेल, आणि आपण पुन्हा विश्वास ठेवू. बँकॉकला जाणाऱ्यांनी जरूर जावं, पण वर्गाची सहल म्हणून नको. माझ्या मते वर्गाची सहल चिठ्ठ्यांनीच ठरावी.

रेल्वेचं आरक्षण आता साठच दिवस आधी उघडतं, त्यामुळे घाई करावी लागेल. जेवणाच्या मंडपात पाण्याच्या पिंपाशेजारी खोका ठेवलाय, बाजूला कागद आणि पेन आहे. फक्त आकडा लिहा. सर आणि बाई, तुम्हीसुद्धा.